माळरानासाठी टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

सोलापुरातल्या एखाद्या गॅरेजात जुनी यामाहा आरएक्स १०० उभी असली, तर हवा भरायला आलेला माणूसही तिच्यापाशी दोन मिनिटे रेंगाळतो. १९८५ साली भारतात आलेल्या या टू-स्ट्रोक गाडीचे इंजिन अवघे ९८ सीसीचे होते आणि त्यातून ११ अश्वशक्ती मिळत असे. त्याच वर्षी आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या फोर-स्ट्रोक गाडीचे इंजिन जवळजवळ तेवढेच होते, पण तिची ताकद ७ अश्वशक्तीच्या आसपास होती. आकारमान तेच, तरी ताकद दीडपट, हे कसे, या प्रश्नाचे उत्तर कळले की माळावर चालवायला कोणती डर्ट बाइक घ्यावी, या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार वेळा वर-खाली धावतो, तेव्हा एकदा स्फोट होतो: पहिल्या धावेत हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते, दुसरीत ते दाबले जाते, तिसरीत ठिणगी पडून पिस्टन खाली ढकलला जातो आणि चौथीत जळका वायू बाहेर जातो. म्हणजे क्रँकच्या, पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांमध्ये कामाचा धक्का एकच. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एक धक्का मिळतो, कारण ओढणे आणि बाहेर टाकणे यांसाठी त्यात वेगळी धाव राखून ठेवलेलीच नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, त्यांना गॅरेजात सगळे पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली येताना या खिडक्या उघडतो आणि वर जाताना झाकतो. खाली येता येताच तो क्रँककेसमधले, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतले, ताजे मिश्रण दाबतो, ते बाजूच्या पोर्टमधून वर चढते आणि जळक्या वायूला समोरच्या दारातून हाकलून लावते. ना व्हॉल्व्ह, ना ते उघडणारा कॅम, ना त्याला फिरवणारी टायमिंग चेन.

या हिशेबाने ताकद दुप्पट व्हायला हवी होती. ती दीडपटीवर थांबते, याचे कारण येणारा आणि जाणारा वायू एकाच वेळी एकाच खोलीत असतात. काही जळका वायू मागे राहतो आणि ताज्या मिश्रणाचा बराच भाग, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या साध्या कार्बोरेटरच्या इंजिनात कधी कधी चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. शिवाय पोर्ट उघडले की वायूचा दाब संपतो, म्हणून पिस्टनची पूर्ण धाव कामी येत नाही. टू-स्ट्रोकचा वास, धूर आणि कमी अ‍ॅव्हरेज या तिन्ही गोष्टींचे मूळ या गळतीत आहे, आणि उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या आपल्या रस्त्यांवरून हटल्या, त्यामागेही मुख्यतः हीच गळती होती.

ही गळती रोखण्याचा सर्वांत सुंदर उपाय धातूच्या एका पोकळ नळीने केला, आणि डर्ट बाइकचा स्वभाव समजून घ्यायचा तर तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. टू-स्ट्रोक डर्ट बाइकच्या पुढच्या बाजूला मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा जो पाइप दिसतो, तो नुसता धूर बाहेर नेण्यासाठी नसतो. जळका वायू सुटताना दाबाची एक लाट पाइपमधून धावते, निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि पोर्ट बंद होण्याच्या बेतात असताना तिथे पोहोचली, तर बाहेर निघालेले ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये कोंबते. आता वेळ मोजू. इंजिन मिनिटाला ९,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर एक फेरी सुमारे ६.७ मिलिसेकंदांत होते आणि तीतला जेमतेम अर्ध्याहून थोडा जास्त काळ, म्हणजे साधारण साडेतीन मिलिसेकंद, जळका वायू सोडणारा एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतो. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरला, तर तेवढ्या वेळात ती पावणेदोन मीटर धावते. जाऊन परत यायचे असल्याने पाइपची लांबी याच्या निम्मी, म्हणजे ८५ ते ९० सेंटीमीटर हवी. इंजिन ५,००० फेऱ्यांवर असेल तर तीच लाट फार लवकर परतते, दार अजून सताड उघडे असते आणि मदत होण्याऐवजी अडथळाच होतो. आपल्याकडे चादरीच्या मागावर धोट्याचेही असेच असते. तो ठरल्या क्षणी पलीकडे पोहोचला तर कापड विणले जाते, उशीर झाला तर उभे धागे तुटतात.

ही विद्या पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतल्या वॉल्टर काडेन या अभियंत्याने १९५० च्या दशकात सिद्ध केली आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढून दाखवली. त्याच वर्षी एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला व ही विद्या घेऊन सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. पाइपच्या लांबीतच टू-स्ट्रोकचा तो प्रसिद्ध स्वभाव दडलेला आहे: खालच्या फेऱ्यांवर गाडी निमूट असते आणि लाट वेळेवर परतू लागली की एकाएकी उसळते. नव्या गाड्यांत पोर्टची उंची कमी-जास्त करणारी झडप असते, त्यामुळे हा धक्का सौम्य झाला आहे; नाहीसा मात्र झालेला नाही.

मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या उंचसखल मैदानावरच्या शर्यतींत, टू-स्ट्रोकचे राज्य अनेक दशके टिकले. १९९७ साली लास वेगासच्या सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मोटोक्रॉस) शर्यतीत डग हेन्री यामाहाची प्रायोगिक फोर-स्ट्रोक गाडी घेऊन उतरला आणि जिंकला. १९९८ मध्ये तिच्यावर बेतलेली वायझेड ४०० एफ बाजारात आली. स्पर्धेच्या नियमांनी १२५ सीसी टू-स्ट्रोकच्या समोर २५० सीसीची फोर-स्ट्रोक आणि २५० सीसीच्या समोर ४५० सीसीची फोर-स्ट्रोक उभी केली. पुढे अनेक कंपन्यांनी टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या बंद केल्या. यामाहा आणि केटीएम यांनी त्या चालू ठेवल्या. म्हणून ‘२५० ची गाडी घेतली’ असे कोणी सांगितले, तर ती कोणत्या स्ट्रोकची, हे आधी विचारावे, कारण २५० सीसी टू-स्ट्रोक आणि २५० सीसी फोर-स्ट्रोक यांच्यात एका पूर्ण वर्गाचे अंतर आहे आणि नवशिक्याच्या हाती पहिली गाडी म्हणून २५० सीसी टू-स्ट्रोक देणे मला मुळीच पटत नाही.

वजनाचा फरक कागदावर लहान दिसतो. वायझेड १२५ पेट्रोलसह सुमारे ९५ किलो भरते, तर तिच्याच गटातली वायझेड २५० एफ सुमारे १०६ किलो. पण पावसाळ्यात मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात गाडी अडकली आणि चाकाभोवती चिखलाचा थर धरला, की हे दहा-अकरा किलो कमरेला जाणवतात. काळी माती ओली झाली की टायरच्या गुट्ट्या भरून टाकते आणि चाक गुळगुळीत होऊन बसते. तिथे दोन्ही प्रकारची इंजिने सारखीच हतबल होतात. खरा फरक दिसतो तो मुरमाच्या माळावर. सैल मुरमाच्या चढावर चाकाला हळूहळू वाढणारी ओढ हवी असते आणि फोर-स्ट्रोक ती खालच्या फेऱ्यांपासूनच देते. टू-स्ट्रोकवर मात्र क्लच आणि गिअर सतत वापरून इंजिन योग्य फेऱ्यांत ठेवावे लागते. नेमके चढाच्या मध्यावर गाडी उसळली, तर मागचे चाक जागीच फिरून खडे उडवत राहते. उतारावर फोर-स्ट्रोकचे इंजिन स्वतःच गाडी रोखून धरते. टू-स्ट्रोक तशी धरत नाही, आणि तिचे ऑइल पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडली तर वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला वंगणही कमी मिळते. अशा उतारावर अधूनमधून थ्रॉटल किंचित उघडावा, असे जुने चालक सांगतात ते याचसाठी.

आता हवेविषयी, कारण सोलापूरची हवा कार्बोरेटरची परीक्षा पाहते. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर असतो आणि जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे तो १५ अंशांपर्यंत किंवा त्याहून खाली उतरतो. १५ अंशांची हवा ४२ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के दाट असते. इंजिन दर फेरीला हवेचे ठराविक आकारमान ओढते. हवा दाट झाली की प्राणवायू वाढतो, पण साधा कार्बोरेटर त्या मानाने पेट्रोल वाढवत नाही. माझ्याकडे एक जुनी टू-स्ट्रोक होती. उन्हाळ्यात प्लग काळा पडून वारंवार शॉर्ट होत असे म्हणून मी तिचा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे छिद्र, एक नंबर लहान करून घेतला, आणि तो बदलायचा आहे हे पुढे विसरून गेलो. जानेवारीतल्या एका सकाळी ती कधी नव्हे इतकी हलकी आणि चपळ पळाली, आणि चार-पाच किलोमीटरवर मागचे चाक एकाएकी घट्ट धरले गेले. विजापूर रस्त्यावरच्या गॅरेजात सिलिंडर वर उचलला, तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला नखाने ओरखडल्यासारख्या उभ्या रेघा होत्या आणि रिंग खाचेत रुतून बसली होती. मेकॅनिक म्हणाला, “थंडीत जास्तच मस्त पळायला लागली की समजायचं ओ, आता ही धरती.” पेट्रोल कमी पडले की ज्वलन अधिक तप्त होते, पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही घटते आणि अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो, त्याने हे शास्त्र एका वाक्यात सांगितले होते. कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारे इंजेक्शन असलेली फोर-स्ट्रोक सेन्सरच्या मदतीने हा बदल स्वतःच करून घेते. केटीएमने २०१८ च्या श्रेणीत एन्ड्युरोच्या (लांब पल्ल्याच्या कच्च्या वाटांवरच्या शर्यतींच्या) टू-स्ट्रोक गाड्यांनाही इंजेक्शन दिले, तेव्हापासून त्यांचीही ही चिंता बरीच कमी झाली आहे.

ऑइलचे प्रमाण गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. ३२ ला १ (३२ भाग पेट्रोल, १ भाग ऑइल) असेल तर ५ लिटर पेट्रोलला सुमारे १५६ मिलिलिटर आणि ४० ला १ असेल तर १२५ मिलिलिटर लागते. हे मापातच मोजावे, बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नये. जास्त ऑइल टाकले की गाडी अधिक सुरक्षित होते हा समजही चुकीचा आहे, कारण तेवढ्याच जेटमधून मग पेट्रोल कमी जाते. यात अलीकडे आणखी एक गोष्ट मिसळली आहे, आणि ती आपल्या जिल्ह्याच्या जवळची आहे. आपल्या साखर कारखान्यांच्या आसवनीत तयार होणारे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला तोच जेट थोडा कमी पडतो. शिवाय ते हवेतली ओल शोषते, आणि पाणी वाढले की इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते. म्हणून मिश्रण लागेल तेवढेच करावे, महिनोन्‌महिने कॅनमध्ये ठेवू नये.

देखभालीच्या बाबतीत टू-स्ट्रोक अधिक वेळा काम मागते, पण थोडक्यात भागते. पिस्टन, रिंग आणि गॅस्केट बदलणे हे हाताला सवय असलेल्या माणसाचे एका दुपारचे काम आहे. शर्यतीच्या फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन ऑइल जेमतेम लिटरभर असते, ते काही तासांच्या चालवण्यानंतर बदलावे लागते, आणि व्हॉल्व्ह व त्याला दाबणारा कॅम यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागापर्यंत मोजून ठेवावी लागते. ती फट घटत चालली, की व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल रुतत आहे असे समजावे. दुर्लक्ष झाले आणि व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला, तर जो खर्च येतो त्यात टू-स्ट्रोकची वरची बाजू अनेकदा नवी करून होते.

माझे मत विचाराल तर, ज्याला शनिवार-रविवारी शेतरस्ते, मुरमाचे माळ आणि कच्च्या वाटा फिरायच्या आहेत, त्याने हिरो एक्सपल्ससारखी रस्त्यावर चालणारी फोर-स्ट्रोक घ्यावी. तिचे वजन दीडशे किलोच्या वर जाते, हे खरे आहे. पण तिला एमएच १३ ची पाटी मिळते. मोटोक्रॉसच्या निव्वळ मैदानी गाडीची आरटीओत नोंदणी होत नाही. तिला टेम्पोत घालून मैदानापर्यंत न्यावे लागते, आणि मैदान म्हणजे मालकाची परवानगी असलेली जागा. उत्तर सोलापुरातल्या नान्नजचा माळ मोकळा दिसला तरी तो माळढोकासाठी राखलेला आहे. तिथे कोणत्याही स्ट्रोकची गाडी नेऊ नये. ज्याला उड्या आणि वळणे शिकायची आहेत, मोकळी जागा आहे आणि पाना हातात धरायला आवडतो, त्या तरुणाने मात्र १२५ सीसीची टू-स्ट्रोकच घ्यावी. चूक केली की ती लगेच मंदावते, त्यामुळे वळणावर वेग राखण्याची सवय तिच्याइतकी पक्की दुसरी कोणतीही गाडी लावत नाही.

मैदानी गाड्या बहुधा जुन्याच मिळतात. अशी गाडी पाहायला जाल तेव्हा रंग आणि स्टिकर नंतर पाहा. आधी सीट काढायला लावा, एअर फिल्टर बाहेर घ्या आणि त्याच्यामागे इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या आतून स्वच्छ बोट फिरवा. बोट कोरडे, स्वच्छ निघाले तर पुढचे बोलणे करावे. बोटाला धूळ लागली, तर ती धूळ आतही गेलेली आहे: टू-स्ट्रोक असेल तर क्रँकच्या बेअरिंगवरून पिस्टन आणि रिंगपर्यंत, फोर-स्ट्रोक असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत. पहिल्या गाडीची किंमत पिस्टन, रिंग आणि क्रँकचे काम धरून पाडून मागता येते. दुसरी मी तिथेच सोडून परत येईन.