किनाऱ्याला धडकण्यासाठी बांधलेलं जहाज

जहाज वाळूत रुतलं की कप्तानाची चौकशी लागते. दुसऱ्या महायुद्धात मात्र ब्रिटिश नौदलाकडे एक जात अशी होती, की वाळूत रुतणं हीच तिची चाकरी. लँडिंग क्राफ्ट टँक, म्हणजे एलसीटी: रणगाडे थेट शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवणारी सपाट तळाची बोट. १९४४ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या चढाईत अशा ८०० हून अधिक बोटी होत्या. त्यांना नाव नसायचं, नुसता क्रमांक.

त्यातली एकच आज शाबूत आहे, एलसीटी ७०७४. इंग्लंडच्या टाइन नदीकाठी हॉथॉर्न लेस्लीच्या गोदीत बांधलेली ही बोट १९४४ च्या एप्रिलमध्ये पाण्यात उतरली. दोनच महिन्यांत दहा रणगाडे घेऊन ती फ्रान्सकडे निघाली आणि ७ जूनच्या पहाटे दोनच्या सुमारास ‘गोल्ड’ या सांकेतिक नावाच्या किनाऱ्यावर लागली. तिचा कप्तान जॉन बॅगट होता वीस वर्षांचा. रणगाडे लादलेली बोट, काळोख आणि वीस वर्षांचं वय! नौदलाला माणसांची किती टंचाई होती ते यावरून कळतं.

आता यातलं भौतिकशास्त्र पाहू. किनाऱ्याला लागणं सोपं, कोणतंही जहाज ते करील. अवघड आहे ते परत निघणं.

एलसीटी पुढे उथळ आणि मागे खोल बसते. ७०७४ च्या जातीची बोट सुमारे ५८ मीटर लांब. लादलेली असताना तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यात साधारण १.२ मीटर, तर मागची बाजू साधारण २.१ मीटर बुडायची. म्हणजे तळाला स्वतःचा उतार आहे. तो वाळूच्या उताराशी जुळला तर नाळ अलगद टेकते, समोरचं दार खाली पडतं आणि रणगाडे चालू लागतात. माल उतरला की बोट हलकी होते. ढोबळ हिशेब करू: बोटीचं पाण्यावरचं क्षेत्रफळ अंदाजे ५०० चौरस मीटर. तिच्यावरून ३०० टन गेले तर ती जवळजवळ ०.६ मीटर वर येते. आर्किमिडीजच तिला वाळूतून सोडवतो. मदतीला मागचा नांगर असतो. किनाऱ्याकडे येताना तो आधीच समुद्रात टाकलेला असतो आणि निघताना त्याची तार यंत्राने गुंडाळत बोट स्वतःला मागे ओढून घेते. तोच नांगर लाटांनी बोट आडवी होऊ नये म्हणूनही राबतो.

पण किनारा बोटीच्या तळापेक्षा सपाट असला तर? समजा दर १०० मीटरला एकच मीटर उतार आहे. मग बोटीचा मागचा भाग आधी टेकतो, नाळ तरंगतच राहते आणि पहिला रणगाडा दीड मीटर पाण्यात उतरतो. म्हणून किनाऱ्याचा उतार मोजणं ही गुप्तहेरीची बाब झाली. १९४३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री लोगन स्कॉट-बाउडन आणि ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे दोघे ब्रिटिश सैनिक पोहत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले आणि जर्मन पहाऱ्याच्या नाकाखालून वाळूचे नमुने घेऊन आले. धाडस त्यांचं खरंच. मला मात्र विमानातून केलेली मोजणी जास्त भावते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो: एक मीटर खोलीवर सेकंदाला ३.१ मीटर, चार मीटरवर त्याच्या दुप्पट. लागोपाठच्या छायाचित्रांत लाट किती सरकली ते मोजायचं आणि त्यावरून तळाची खोली काढायची. पाण्याला पायही न लावता!

उरली भरती. ओहोटी लागली असताना टेकलेली बोट पुढच्या भरतीपर्यंत अडकून पडते, तोफांसमोर आयतं सावज. नॉर्मंडीत उधाणाच्या भरती-ओहोटीत सहा मीटरहून अधिक फरक पडतो. ६ जूनला, म्हणजे चढाईच्या दिवशी (‘डी-डे’), पौर्णिमा होती, म्हणजे उधाणच. ओहोटी संपून पाणी चढू लागताच पहिल्या तुकड्या उतरवायच्या ठरल्या: जर्मनांनी रोवलेले अडथळे उघडे पडलेले असतील आणि वाढतं पाणी बोटींना उचलून सोडवील.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या कोकणातला ठोकताळा. तो कोकणापुरता ठीक. शिवाय त्यातून वेळ कळते, पाण्याची उंची नाही. ब्रिटिशांना दोन्ही हव्या होत्या. हे काम लिव्हरपूलजवळ बिडस्टन टेकडीवर भरती-ओहोटीचे तज्ज्ञ आर्थर डूडसन यांच्याकडे आलं. पितळी चाकं, कप्प्या आणि त्यांवरून फिरणारी एक तार असलेली दोन यंत्रं त्यांच्याकडे होती. प्रत्येक कप्पी भरतीचा एकेक घटक दाखवणार, कुठली चंद्राची, कुठली सूर्याची, आणि तार त्या सगळ्यांची बेरीज करणार. एकाच बॉम्बने दोन्ही जाऊ नयेत म्हणून यंत्रं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. चढाईच्या ठिकाणाचं नाव डूडसन यांना सांगितलं नव्हतं. कागदावर फक्त ‘पोझिशन झेड’ होतं.

७०७४ ची पुढची गोष्ट काहीशी गमतीची. युद्धानंतर ती लिव्हरपूलमध्ये कप्तानांच्या क्लबाचं तरंगतं घर झाली, मग नाइटक्लब. शेवटी बर्कनहेडच्या गोदीत बुडाली, त्याच बिडस्टन टेकडीपासून काही किलोमीटरवर. २०१४ मध्ये तिला वर काढलं, दुरुस्त केलं आणि २०२० मध्ये पोर्ट्समथमध्ये साउथसीच्या डी-डे संग्रहालयाबाहेर नेऊन ठेवलं. तिच्यावर आता दोन रणगाडे आहेत, एक शर्मन आणि एक चर्चिल.