बीओडी पास, तरी उजनी हिरवी

उन्हाळा लागला की सोलापुरात दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. उजनी मायनसमध्ये गेली का, म्हणजे शहराला पाणी देणाऱ्या या धरणातला उपयुक्त साठा संपला का? आणि नळाच्या पाण्याला वास का येतोय? पहिल्याचं उत्तर रोज वर्तमानपत्रात छापून येतं. दुसऱ्याचं शोधायचं तर भीमेच्या वरच्या अंगाला जावं लागतं आणि तिथून थेट सरकारी राजपत्रातल्या एका कोष्टकापर्यंत.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून भीमेत उतरतं आणि दौंडच्या पुढे उजनीच्या फुगवट्यात येतं. वाहत्या नदीत जे पुढे निघून जातं, ते धरणात महिनोन्महिने मुक्कामाला राहतं. म्हणून शहरातून बाहेर पडणारं प्रक्रिया केलेलं पाणी किती स्वच्छ असावं, हे ठरवणारे आकडे पुण्याइतकेच आपलेही आहेत.

या आकड्यांत सर्वांत जुना आणि मानाचा आकडा बीओडीचा. पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, याचं हे माप. नमुना बाटलीत बंद करायचा, ठरावीक तापमानाला ठेवायचा आणि आतला ऑक्सिजन किती घटला ते पाहायचं. मूळ पद्धत 20 अंश सेल्सिअसला पाच दिवसांची. आपल्या हवामानाला धरून भारतात 27 अंशाला तीन दिवस ठेवतात. ब्रिटनच्या रॉयल कमिशनने 1912 मध्ये सांडपाण्यासाठी बीओडी 20 आणि गाळ 30 मिलिग्रॅम प्रतिलिटर अशी मर्यादा सुचवली, आणि जगभर ती आदर्श मानली गेली. मात्र तिच्यामागे एक अट होती: नदीत त्या सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहतं असावं. एप्रिलमध्ये पुण्याच्या खाली नदीत जे वाहतं, ते बहुतांश सांडपाणीच असतं. तिथे आठपट पाणी आणायचं कुठून?

याहून मोठी अडचण त्या बाटलीतच आहे. चाचणी अंधारात करतात. मुद्दाम करतात, कारण उजेड मिळाला तर शेवाळ ऑक्सिजन सोडेल आणि मोजमाप बिघडेल. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण मार्चनंतरचं उजनीवरचं ऊन आठवा. बाटलीत जे होऊ दिलं जात नाही, नेमकं तेच धरणात होतं. प्रक्रियेनंतरही पाण्यात उरलेला फॉस्फरस आणि नायट्रोजन हे शेवाळाचं खत. ऊन, उथळ पाणी आणि खत एकत्र आलं की धरण हिरवं होतं.

किती हिरवं? शेवाळाच्या पेशीत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या अणूंचं प्रमाण साधारण 106:16:1 असतं. त्यावरून हिशोब मांडला तर एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभर ग्रॅमहून अधिक कोरडं शेवाळ पोसलं जातं, आणि ते मरून कुजताना सुमारे 140 ग्रॅम ऑक्सिजन खातं. म्हणजे सांडपाण्याचा बीओडी 10 पर्यंत खाली आणला, पण लिटरमागे 3 मिलिग्रॅम फॉस्फरस तसाच सोडला, तर पुढे धरणात 400 मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजनची मागणी उभी राहू शकते. हा कागदावरचा हिशोब झाला. सगळा फॉस्फरस काही शेवाळात जात नाही, बराचसा तळाच्या गाळात बसतो. तरीही 10 आणि 400 यांतलं अंतर विसरण्यासारखं नाही.

आता कोष्टकाकडे. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या निकषांचा केंद्राने 2015 मध्ये मसुदा काढला, त्यात बीओडी 10 मिलिग्रॅम प्रतिलिटर होता आणि एकूण नायट्रोजनवर 10 ची मर्यादाही होती. 13 ऑक्टोबर 2017 ला अंतिम अधिसूचना आली, तेव्हा बीओडी 30 झाला (महानगरांसाठी 20) आणि नायट्रोजनची ओळच गळली. उरले फक्त चार निकष: सामू (pH), बीओडी, तरंगता गाळ आणि विष्ठेतले जिवाणू. राष्ट्रीय हरित लवादाने 30 एप्रिल 2019 च्या आदेशात पुन्हा कडक मर्यादा सांगितल्या: बीओडी 10, नायट्रोजन 10 आणि फॉस्फरस 1. माझ्या मते या यादीतला सोलापूरच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आकडा शेवटचा, फॉस्फरसचा.

नळाच्या पाण्याला येणारा वास याच शेवाळाचा, पण त्याचा त्रास वासापुरता नाही. पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी, वाळूच्या गाळण्या आणि क्लोरीन आहे, पण पाण्यात सेंद्रिय भाग जास्त असला की क्लोरीन त्याच्याशीच संयोग पावून संपतो. त्यातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं बनतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या मानकात त्यांच्यावर स्वतंत्र मर्यादा आहेत; क्लोरोफॉर्मसाठी ती 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. याच मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक हवा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, मग बॅरलमध्ये आणि हौदात साठवावं लागतं, आणि तो क्लोरीन तिथे हळूहळू उडून जातो. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष तयार करतात. पाणी उकळूनही ते नष्ट होत नाही.

फॉस्फरस काढणं अवघड तंत्र नाही. लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार मिसळले की तो साका होऊन, म्हणजे घट्ट कणांच्या रूपात, तळाशी बसतो. खर्च वाढतो आणि गाळही वाढतो. शेतातून वाहून येणारं खत हा निराळा वाटा, तो कुठल्याच प्रक्रिया केंद्रातून जात नाही. शिवाय उद्या सांडपाण्यातला फॉस्फरस थांबला, तरी धरण लगेच निवळणार नाही. तळाशी ऑक्सिजन संपला की जुना गाळ साठवलेला फॉस्फरस पुन्हा वर सोडतो. अमेरिकेतल्या सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्ये सांडपाणी सोडणं 1968 पर्यंत पूर्ण थांबलं, तरी पाणी नितळ व्हायला 1970 च्या दशकाचा मध्य उजाडला. आणि ते तळं खोल आहे. उजनी उथळ आणि गाळाने भरलेली.