शेतातल्या घरात पाहुणे ठेवायचे आहेत? नोंदणी, शुल्क आणि कागदपत्रं

मे महिन्यात कोकणात आणि पावसाळ्यात मावळ-मुळशीकडे रिकाम्या खोल्यांना गिऱ्हाईक मिळतं, हे आता गावोगाव कळलंय. दोन खोल्या रंगवायच्या, कमोड बसवायचा, मोबाइलवर फोटो टाकायचे, की पाहुणे सुरू. मग कधीतरी ग्रामपंचायतीतून किंवा पोलीस ठाण्यातून विचारणा होते, 'नोंदणी आहे का?' आणि घरात धांदल उडते. कुणीतरी सांगतं, खूप खर्च आहे, एजंटशिवाय होत नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत हे खरं नाही.

शेतजमीन असेल तर सोयीचा मार्ग 2020 च्या महाराष्ट्र कृषी पर्यटन धोरणाचा आहे. वैयक्तिक शेतकरी अर्ज करू शकतो. शेतकऱ्यांची सहकारी संस्था, शेतकऱ्यांनी काढलेली कंपनी किंवा भागीदारी, कृषी महाविद्यालयं यांनाही करता येतो. किमान 1 एकर शेती हवी आणि ती खरोखर कसलेली हवी. नुसता फार्महाऊस बांधून भोवती चार नारळ लावले तर ते कृषी पर्यटन ठरत नाही. पाहुण्याला शेती दिसली पाहिजे, घरचं जेवण मिळालं पाहिजे, मुक्कामाची स्वच्छ सोय असली पाहिजे. शेती नसेल, राहत्या घरातल्याच एक-दोन खोल्या द्यायच्या असतील, तर होम स्टे किंवा निवास व न्याहारी म्हणून नोंदणी करावी. तिथे मालकाचं कुटुंब त्याच घरात राहतं का, याला सगळ्यात जास्त महत्त्व असतं. दोन्हींसाठी जायचं एकाच दारी, म्हणजे राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे. अर्ज आपल्या विभागाच्या उपसंचालक कार्यालयात जातो.

कृषी पर्यटन केंद्राच्या नोंदणीचं शुल्क 2,500 रुपये, आणि दर 5 वर्षांनी नूतनीकरणाला 1,000. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत वर्षाला 500 रुपये पडले. एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्यातही हे निघतात. पैसे कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. शासनाच्या 'ग्रास' प्रणालीवर चलन भरायचं आणि त्याची प्रत अर्जाला जोडायची. याहून मोठी रक्कम कुणी 'फी' म्हणून मागितली तर चलन मागा.

कागद मोजकेच आहेत: सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, शुल्काचं चलन आणि जेवण देणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी. घरगुती स्वयंपाकघराला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. अर्जानंतर जागेची पाहणी होते. तेव्हा सांडपाणी, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी हे नीट असू द्या.

अर्ज अडतात ते शुल्कावर नाही, नावांवर. आमच्याकडे सातबाऱ्यावर आजोबांसह पाच नावं, वीजबिल वारलेल्या काकांच्या नावाचं आणि अर्जदार मी. कागद जुळवण्यात तीन महिने गेले. म्हणून सगळ्यात आधी सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. त्यावरचं कुणी हयात नसेल तर वारस नोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्याकडे, द्या. फेरफार टाकल्यावर हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस असते, त्यामुळे हे काम हंगामाच्या तोंडावर काढू नका. जमीन सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती घ्या. मुंबईतला भाऊ आज 'काही हरकत नाही' म्हणतो, पण व्यवसाय चालायला लागल्यावर तोंडी शब्द टिकत नाही. संमती कागदावर असली की नातंही शाबूत राहतं. वीजबिलाचं नाव बदलणंही याच काळात उरकून घ्या.

समुद्राजवळ घर असेल तर जास्त सांभाळून. किनारा नियमन क्षेत्राच्या 2019 च्या अधिसूचनेत स्थानिक आणि मच्छीमार कुटुंबांना राहत्या घरात होम स्टे चालवता येतो, मात्र घराचं जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता. म्हणजे आहे ते घर वापरा. पाहुणे वाढले म्हणून मागे दोन खोल्या चढवल्या तर ते नवं बांधकाम ठरतं, आणि होम स्टेची नोंदणी त्याला संरक्षण देत नाही. कर्ज काढून बांधलेल्या अशा खोल्या पाडायची वेळ आली तर सगळं घर खचतं, म्हणून हे कळकळीनं सांगतो.

कराची भीती अनेकांना असते. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. बुकिंग पोर्टलवरून येत असेल तर अशा नोंदणी नसलेल्या यजमानाच्या खोलीवरचा जीएसटी पोर्टलनेच भरायचा असतो. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला सप्टेंबर 2025 पासून हा दर 5 टक्के आहे. तुमचं उत्पन्न मात्र आयकराच्या हिशेबात दाखवावंच लागतं.

पाहुण्यांच्या नोंदीची वही ठेवा: नाव, पत्ता, ओळखपत्र, आल्या-गेल्याची वेळ. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन कळवणं बंधनकारक आहे, मग तो एकच रात्र राहिला तरी.

घरातल्या बाईच्या नावावर व्यवसाय करता येत असेल तर तो विचार अगदी आधी करा. 2023 च्या 'आई' धोरणात महिलेच्या मालकीच्या आणि तिनेच चालवलेल्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर 12 टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळतं. हा परतावा जास्तीत जास्त 7 वर्षं किंवा व्याजाची रक्कम 4.5 लाख होईपर्यंत असतो. त्यासाठी व्यवसायाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी हवी आणि हप्ते वेळेवर भरलेले हवेत. स्वयंपाक, झाडलोट, पाहुण्यांची सरबराई बहुतेक घरांत तीच करते, पण कागदावर नाव दुसऱ्याचं असतं. अर्जदाराच्या रकान्यात पहिल्याच दिवशी तिचं नाव लिहा. कर्ज मंजूर झाल्यावर मालकी बदलायला निघालात तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागतील.