लाडकं पिस्तूल लाडकं का असतं?

अमेरिकेत ज्यांच्याकडे चार-पाच पिस्तुलं आहेत त्यांना विचारा की यातलं लाडकं कुठलं, तर बरेचदा उत्तर येतं १९११. जॉन ब्राउनिंगने डिझाईन केलेलं हे .४५ कॅलिबरचं (म्हणजे नळीचं भोक साधारण .४५ इंचाचं) पिस्तूल अमेरिकन आर्मीने २९ मार्च १९११ ला स्वीकारलं म्हणून नावही तेच पडलं, आणि १९८५ मध्ये इटलीच्या बेरेटा कंपनीचं पिस्तूल येईपर्यंत ते तिथलं मुख्य पिस्तूल होतं. आता त्याच्यापेक्षा हलकी, स्वस्त, दुप्पट गोळ्या मावणारी पिस्तुलं ढिगाने मिळतात, तरी शंभर वर्षांपेक्षा जुन्या डिझाईनचं नवं कोरं पिस्तूल लोक आजही हौसेने घेतात. इतिहासाचं प्रेम आहेच त्यात, पण मला वाटतं खरी गोम ट्रिगरमध्ये आहे, आणि ती शाळेतल्या फिजिक्सने छान समजते.

बहुतेक पिस्तुलांचा ट्रिगर एका पिनवर फिरतो, १९११ चा मात्र ड्रॉवरसारखा सरळ मागे सरकतो. त्याला काम एकच, आधीच मागे ओढून ठेवलेला हॅमर, म्हणजे ज्याच्या ठोक्याने काडतूस उडतं तो भाग, सोडून द्यायचा. हॅमर स्टीलच्या एका बारीक कडेवर अडकून बसलेला असतो, ती कड जराशी सरकली की सुटला. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये तेच एक बोट काडतुसं भरलेला सिलिंडर फिरवतं, हॅमर मागे नेतं आणि मग सोडतं, म्हणून तिथे पाच किलोच्या आसपास जोर लागतो आणि १९११ ला दोन-अडीच किलोत काम होतं, कसबी कारागिराने घासून बसवलेला असेल तर त्याहूनही कमी.

आता बघा, रिकामं १९११ आहे १.१ किलोचं, मोठं रिव्हॉल्व्हरही साधारण तेवढंच. म्हणजे रिव्हॉल्व्हरवाल्याने एक किलोच्या वस्तूवर एका बोटाने पाच किलोचा जोर लावायचा आणि वस्तू मात्र हलू द्यायची नाही! १९११ वर पुढची आणि मागची साईट (नेम धरायच्या खुणा) यांच्यात जेमतेम साडेसोळा सेंटिमीटरचं अंतर असतं, तिथे पुढची साईट एक मिलिमीटर जरी बाजूला गेली तरी २५ मीटरवर गोळी १५ सेंटिमीटर लांब लागते. साधं समरूप त्रिकोणांचं गणित आहे हे. त्यामुळे ट्रिगर हलका आणि छोटा असला की बोटाने नेम बिघडायला वावच कमी राहतो, आणि माणूस म्हणतो की या पिस्तुलाने मी चांगला मारतो. आवडायला सुरुवात तिथून होते.

पण बोटापेक्षाही जास्त गोंधळ मेंदू घालतो. स्फोट होणार, धक्का बसणार हे त्याला दोन-चार गोळ्यांतच कळतं आणि पुढच्या वेळी तो धक्का यायच्या आधीच मनगट खाली दाबतो, याला शूटर लोक फ्लिंच म्हणतात. नवशिक्याच्या गोळ्या टार्गेटच्या खाली जाऊन लागतात त्याचं मोठं कारण हे. यावर कोच लोकांची एक मस्त युक्ती असते, मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं नकली न सांगता मिसळून ठेवायचं. नकली आलं की स्फोट होत नाही, पण पिस्तुलाचं तोंड मात्र खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं. ज्या ट्रिगरची ओढ दरवेळी सारखी, मध्ये खरखर नाही, अडखळणं नाही, त्याच्यावर लक्ष साईटवरच ठेवून सावकाश दाब वाढवत जाता येतं आणि नेमका कुठल्या क्षणी सुटणार याची मेंदूला आगाऊ वर्दी मिळत नाही.

धक्क्याचं गणित तर मला फार आवडतं. .४५ ची गोळी जवळपास १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण २५५ मीटर. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा गॅस यांचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) जेवढा पुढे तेवढाच पिस्तुलाला मागे, त्यामुळे भरलेलं सव्वा किलोचं पिस्तूल सेकंदाला तीनेक मीटरच्या वेगाने हातावर येतं. आता ऊर्जा काढा, गोळीकडे ४८० ज्यूलच्या आसपास आणि पिस्तुलाकडे फक्त सहा-सात! संवेग सारखा असला तरी ऊर्जा वजन जास्त असणाऱ्याच्या वाट्याला कमी येते. म्हणूनच तेच काडतूस अर्ध्या वजनाच्या पिस्तुलात घातलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. खिशात मावणारी हलकी पिस्तुलं लोक सोयीसाठी घेतात खरी, पण रेंजवर तासभर वापरायला जड पिस्तूलच बरं वाटतं ते यामुळे.

शिवाय तो धक्का किती वेळात बसतो तेही महत्त्वाचं. ब्राउनिंगच्या रचनेत गोळी सुटताना नळी आणि वरची स्लाईड, म्हणजे मागेपुढे सरकणारा भाग, एकमेकांत अडकलेल्या असतात, दोन्ही मिळून काही मिलिमीटर मागे येतात, तेवढ्यात गोळी बाहेर पडलेली असते, मग नळी मागच्या बाजूने खाली झुकून मोकळी होते आणि स्लाईड एकटी स्प्रिंग दाबत मागे जाते. रिव्हॉल्व्हरमध्ये असं सरकणारं काही नसतं म्हणून धक्का एकदम येतो, इथे तो थोडा पसरतो. नळी झुकवायची ही कल्पना आज जगातल्या बहुतेक लष्करी पिस्तुलांत आहे. आपल्याकडेही आहे बरं का, इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं आपल्या लष्कराचं ९ एमएम १ए पिस्तूल म्हणजे ब्राउनिंगने सुरू केलेल्या आणि तो १९२६ मध्ये गेल्यावर बेल्जियमच्या द्यूदोने सेव्हने पूर्ण केलेल्या हाय-पॉवर पिस्तुलाचंच भावंड.

अमेरिकेतलं दुसरं लाडकं नाव रुगरचं .२२ पिस्तूल, १९४९ मध्ये याच पिस्तुलाने त्या कंपनीची सुरुवात झाली. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे धक्क्याची ऊर्जा अर्धा ज्यूलसुद्धा नाही, काडतूस स्वस्त, आवाजही त्यामानाने कमी (कानाला मफ तरीही लागतातच, पिस्तुलाच्या आवाजाने बहिरेपण येतं आणि ते परत जात नाही). यात नळी फ्रेमला पक्की असते, हलतो फक्त आतला बोल्ट, म्हणजे काडतुसाला मागून टेकलेला तुकडा. १९११ ची नळी दर गोळीला हलून पुन्हा त्याच जागी बसावी लागते, तिथे केसभर फरकानेही गोळ्या पसरतात, म्हणून स्पर्धेसाठीचं चांगलं पिस्तूल हाताने फिटिंग केलेलं असतं. रुगरला ती भानगडच नाही. मेंदूला घाबरायचं कारण नाही आणि नळी जागची हलत नाही, तर अचूकता आपोआप येते, आजोबा नातवंडांना शिकवायला हेच का काढतात ते यावरून कळेल.

आपल्या राही सरनोबतचा २५ मीटर पिस्तूल हा प्रकारही .२२ चाच. कोल्हापूरच्या या मुलीने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये फायनल टाय झाल्यावर बरोबरी फोडायच्या दोन जादा फेऱ्या, म्हणजे शूट-ऑफ, खेळून गोल्ड घेतलं, एशियाडमध्ये शूटिंगचं गोल्ड जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्या स्पर्धेच्या रॅपिड भागात टार्गेट फक्त तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात ४५ अंशावर खाली धरलेला एक हात उचलायचा, साईट जुळवायची आणि एक गोळी मारायची. दुसरा हात लावायचा नाही. ट्रिगर किमान एक किलोचा असावा असा नियम आहे.

१० मीटर एअर पिस्तुलात तर ट्रिगरची ही किमान मर्यादा अर्ध्या किलोवर येते. तिथली गोळी अर्ध्या ग्रॅमची, स्फोट नाही, फक्त दाबलेली हवा, आणि दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ-बारा वेळा बारीक थरथरतो, ती थरथर कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं या खेळात बंद आहेत, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन मेडल्स त्यापायीच गेली. मग कमाई करायची ती मुठीतून. या पिस्तुलांची अक्रोडाच्या लाकडाची मूठ शूटर स्वतः कानशीने घासतात, कुठे लाकडाचा लगदा भरतात, असं करत करत ती तळहाताला इतकी बरोबर बसवतात की डोळे मिटून हात उचलला तरी साईट जुळलेली सापडते. नवीन पिस्तूल घेतलं तरी जुनी मूठ नव्यावर बसते का हे हे लोक आधी बघतात, आणि दुसऱ्याचं पिस्तूल कितीही महागडं असलं तरी त्यांच्या हातात ते परकंच लागतं.