पाव सेकंद सांडला कुठे?

“पाच मीटर उशिरा ब्रेक मारला रे, तरी वेळ वाढला! तुझी डबी बिघडलीय.”

हेल्मेट काढता काढता मित्राचं पहिलं वाक्य हे. ठिकाण ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. गाडी त्याची जुनी ११० हॉर्सपॉवरची पोलो, पुण्याहून चौदाशे-पंधराशे किलोमीटर चालवत आणलेली. डबी म्हणजे गाडीचा वेग आणि फेरीची वेळ मोजणारं छोटं यंत्र. ती माझी होती, म्हणून खापरही माझ्यावर.

डबी ठणठणीत होती. ती जे सांगत होती ते ‘वेळ = अंतर ÷ वेग’ या शाळेतल्या सूत्राच्या बाहेरचं काही नव्हतं. पण हे सूत्र पाठ असलेली माणसं स्टिअरिंग हातात आलं की ते विसरतात आणि शर्यत म्हणजे छातीचं काम असं समजायला लागतात. जो शेवटपर्यंत ब्रेक मारत नाही तो वेगवान, हा समज गल्लीतल्या पोरापासून ट्रॅकवर पैसे भरून येणाऱ्या चाळिशीतल्या गृहस्थापर्यंत सगळ्यांचा सारखाच.

ट्रॅकबद्दल दोन शब्द. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणं १६. इथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. २०११ च्या शर्यतीतली त्याची सर्वांत जलद फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांची. आमच्या पोलोची तोवरची सर्वांत चांगली फेरी २ मिनिटं ३१.२ सेकंदांची. असो. आपल्याला काम आहे ते तिसऱ्या वळणाशी. हे उजवीकडचं हळू वळण, आणि ते संपलं की सुमारे एक किलोमीटरचा सरळ रस्ता.

आता डबीत असतं काय? एक जीपीएस रिसीव्हर आणि वेग कमी-जास्त होताना, वळताना बसणारे धक्के मोजणारा अ‍ॅक्सिलरोमीटर. बस. काचेला चिकटवायची आणि विसरायची. मोबाइलमध्येही हे दोन्ही असतं, पण मोबाइलचा जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच जागा सांगतो. ताशी १६५ किलोमीटरला गाडी सेकंदात ४६ मीटर जाते. तेवढ्यात एखादं अख्खं वळण येऊन जाईल. ट्रॅकसाठी बनवलेल्या डब्या सेकंदाला १० किंवा २५ वेळा मोजतात.

इथे एक शंका यायला हवी. जीपीएस तर दोन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतं. सोसायटीच्या गेटवर उभं राहूनही डिलिव्हरीवाल्याला आपण मागच्या गल्लीत दिसतो. मग त्यावरून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या गप्पा कशा मारायच्या?

उत्तर असं की डबी वेग काढते तो जागेवरून नाही. रेल्वे जवळ येताना शिट्टीचा सूर चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो, तोच डॉप्लर परिणाम इथे वापरतात. जीपीएसचा उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतो. म्हणजे लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. आपण उपग्रहाच्या दिशेने सेकंदाला १ मीटर सरकलो तर दर सेकंदाला अशा पाचेक लहरी जास्त भेटतात. उपग्रह स्वतः सेकंदाला जवळजवळ ४ किलोमीटरने पळत असतो, पण त्याची कक्षा माहीत असल्यामुळे तो भाग वजा करता येतो. जागा ठरवताना सिग्नलला वातावरणात झालेला उशीर नडतो. पण हा उशीर सावकाश बदलतो, त्यामुळे क्षणाक्षणाच्या फरकात तो जवळपास उरतच नाही. म्हणून गाडी नेमकी कुठे आहे हे धड न कळताही ती किती वेगाने जातेय हे फार नेमकं कळतं. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं. त्याचाच दुसरा अर्थ असा, की उपग्रहचित्रावर आपल्या फेऱ्यांच्या रेघा ठेवून “मी इथे दोन फूट आत होतो” असे वाद साध्या डबीच्या जोरावर घालण्यात काही अर्थ नाही. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, घातले मात्र सर्रास जातात.

आता मूळ तक्रार. लॅपटॉप उघडला, चहा आला. डबी प्रत्येक फेरीची तुलना तुमच्याच सर्वांत चांगल्या फेरीशी करते, आणि ती घड्याळाने नाही, अंतराने. ‘पन्नासाव्या सेकंदाला दोन्ही फेऱ्यांत वेग किती?’ हा प्रश्नच निरुपयोगी, कारण त्या क्षणी गाडी दोन्ही फेऱ्यांत वेगवेगळ्या जागी असते. ‘फेरी सुरू झाल्यापासून १,००० मीटरवर पोचायला तेव्हा किती वेळ लागला, आता किती?’ असं विचारायचं. या दोन वेळांतला फरक म्हणजे डेल्टा. त्याची एक रेघ पडद्यावर उमटते. रेघ खाली गेली तर कमाई, वर चढली तर उधारी.

तिसऱ्या वळणाआधी रेघ खाली गेली होती, ०.१५ सेकंदाने. मित्र खूश. “बघ, ब्रेक!” बरोबरच होतं ते. ताशी १२० वरून ६० वर यायचं आहे आणि तुम्ही ब्रेक ५ मीटर उशिरा मारला, याचा अर्थ ६० ने काढायचे ते ५ मीटर तुम्ही १२० ने काढले. ६० ने त्याला ०.३० सेकंद लागतात, १२० ने ०.१५. फायदा ०.१५. हिशेब चोख.

मग रेघ वर वळली आणि चढतच गेली, सरळ रस्त्याच्या टोकापर्यंत.

झालं होतं असं: जास्त वेगात आत शिरल्यामुळे गाडी थोडी बाहेर फेकली गेली. ती वळेपर्यंत मित्र थांबला, आणि मग रेस दिली. वळणातून बाहेर पडताना चांगल्या फेरीत वेग होता ६४, या फेरीत ६०. चार किलोमीटरचा फरक तो काय! पण जरा पुढे चला. या वेगाला पोलो दर सेकंदाला साधारण ताशी ९ किलोमीटरने वेग वाढवते. म्हणजे ६० वरून ६४ वर यायला तिला ०.४४ सेकंद लागले आणि तेवढ्यात ती ७.६५ मीटर गेली. इथून पुढे दोन्ही गाड्या (म्हणजे एकच गाडी, दोन फेऱ्यांतली) अगदी सारख्या पळणार. इंजिन तेच, पाय तळाशी टेकलेला. म्हणजे या फेरीतली गाडी ही चांगल्या फेरीतल्या गाडीचीच नक्कल आहे, फक्त ०.४४ सेकंद उशिरा आणि ७.६५ मीटर पुढून निघालेली. हे ७.६५ मीटर तिला आयते मिळाले आहेत, ते हिशेबात धरायला हवेत. पण किती वेळाचे धरायचे? ते ठरतं गाडी त्या वेळी किती वेगात आहे त्यावर. ताशी १०० ला ७.६५ मीटर म्हणजे ०.२७ सेकंद, तिथे तोटा ०.१७. ताशी १६५ ला तेच अंतर फक्त ०.१७ सेकंदाचं, तिथे तोटा ०.२८. अंतर तेच राहतं आणि वेग वाढेल तशी त्याची वेळेतली किंमत घसरत जाते. म्हणून सरळ रस्ता जितका लांब, तितकी वळणातली चूक महाग.

कमाई ०.१५, उधारी ०.२८. निव्वळ तोटा ०.१३. अशी तीन वळणं धरली तर फेरी २ मिनिटं ३१.६ का झाली हे कळतं.

आणि हे चालवणाऱ्याला का कळत नाही तेही इथेच दिसतं. सरळ रस्त्याच्या टोकाला दोन्ही फेऱ्यांतल्या वेगातला फरक ताशी अर्धा किलोमीटरसुद्धा नव्हता. काट्यावर तो दिसत नाही, अंगाला जाणवत नाही. जाणवतो तो उशिरा मारलेला ब्रेक: पट्टा छातीत रुततो, टायर कण्हतात, काहीतरी पराक्रम केल्यासारखं वाटतं.

अ‍ॅक्सिलरोमीटरने आणखी एक गोष्ट दाखवली. ब्रेक सुटल्यापासून रेस देईपर्यंत ०.७ सेकंद गाडी नुसती घरंगळत होती. टायरची पकड म्हणजे ठरलेला पगार. ब्रेकवर उडवला तर वळायला कमी उरतो. पण ही वजाबाकी सरळ नसते, ती पायथागोरसच्या काटकोन त्रिकोणासारखी असते. ब्रेकला पकडीचे ६० टक्के दिले तरी वळायला ४० नाही, ८० टक्के उरतात: ६, ८, १०. म्हणून मुरलेले चालक ब्रेक एकदम सोडत नाहीत. वळायला लागता लागता पाय हळूहळू उचलतात. आमच्या आलेखात मात्र आधी नुसता ब्रेक, मग घरंगळणं, मग वळण, असे वेगवेगळे कप्पे होते.

एवढं झाल्यावर सॉफ्टवेअरने अभिमानाने जाहीर केलं: तुमची ‘आदर्श फेरी’ २ मिनिटं २८.४. मित्राचे डोळे चमकले. हा आकडा येतो कसा? ट्रॅकचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला सर्वांत चांगला वेळ कुठल्याही फेरीतून उचलायचा आणि बेरीज मारायची. म्हणजे तिसऱ्या वळणात शिरणं या फेरीतलं, बाहेर पडणं त्या फेरीतलं. पण बाहेर पडणं बिघडलं ते शिरण्यामुळेच! एकीकडून कमाई घ्यायची आणि उधारी दुसऱ्या फेरीच्या खात्यावर टाकायची, असा हा जमाखर्च. तुकडे जितके बारीक कराल तितकी ही फेरी जास्त आदर्श आणि जास्त अशक्य. त्यावर ‘एआय कोच’ असं लेबल लावलं तरी त्रिकोणाच्या बाजू बदलत नाहीत. कुठल्याही डबीने असा आकडा दाखवला की तुकडे केवढे आणि जोड कुठे मारलाय, एवढं विचारावं.

शेजारच्या पिटमधल्या गाडीला पुढच्या जाळीला लिंबू-मिरची बांधली होती. तिने वेळेत फरक पडला असलाच तर रेडिएटरकडे जाणारी हवा अडल्यामुळे. त्याच गाडीचा मालक टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने वेळ सुधारतो असंही मला पटवत होता. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो हे ऐकून त्याने विषय पेट्रोलकडे वळवला.

चालवताना पडद्याकडे बघू नये, हे वेगळं सांगायला नको. गार्मिनच्या २०२० मध्ये आलेल्या कॅटलिस्टसारखी यंत्रं म्हणून थेट कानात बोलतात. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. डॅशबोर्डवर पांढरी चिकटपट्टी लावून मी मार्करने लिहिलं: ‘३ – ब्रेक जुन्याच जागी, रेस लवकर’.

शेवटच्या सेशनमधून मित्र परतला तो पडेल चेहऱ्याने. “मजा नाही आली. आजोबांसारखा चालवत होतो. पुसून टाक ही फेरी.”

मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. २:३०.४.

तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “डबी बिघडलीय तुझी.”