रबरी चाकांवरचं घर आणि अर्थिंगची भानगड

गेल्या मे महिन्यात वेल्समध्ये भाड्याची मोटरहोम घेऊन फिरत होतो, पहिल्याच सकाळी बायकोने घरून आणलेली किटली लावली, बाजूला छोटा हीटर चालूच होता, आणि पाणी कोमट व्हायच्या आत दोन्ही गप्प. गंमत म्हणजे डोक्यावरचे दिवे मात्र चालू! मी उगाच गाडीतले फ्यूज चाचपत बसलो.

झालं असं की या गाड्यांमध्ये वीज दोन प्रकारची असते. दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर, आणि प्लगमध्ये २३० व्होल्ट, ते कॅम्पसाइटच्या खांबावरून केबलने येतात. आमच्या खांबाची मर्यादा १० अँपिअर, म्हणजे २३०० वॉट. किटली एकटीच ३०००ची, त्यात हीटर १०००चा. एमसीबी (जास्त करंट ओढला की आपोआप पडणारा स्विच) पडला तो खांबावरचा, बाहेर पावसात.

ती केबलही जरा बघण्यासारखी असते. भगवी, २५ मीटर, आत अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर. जाण्यायेण्याच्या दोन्ही वायरी धरून रेझिस्टन्स साधारण ०.४ ओहम, म्हणजे १६ अँपिअर ओढले तर केबलमध्येच १०० वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. गवतावर पसरलेली असेल तर कळतही नाही, पण "कशाला सोडायची सगळी" म्हणून रिळावर गुंडाळलेलीच ठेवली की आतले वेढे तापत जातात आणि इन्सुलेशन वितळून एकमेकांना चिकटतं.

पण खरी भानगड अर्थिंगची. ब्रिटनमध्ये बऱ्याच घरांना वेगळा अर्थ (सुरक्षेसाठी जमिनीशी केलेली जोडणी) नसतो, वीज कंपनीचा न्यूट्रलच, म्हणजे करंट परत नेणारी वायरच, अर्थ म्हणून वापरतात. आता रस्त्यात कुठे तो न्यूट्रल तुटला तर अर्थला जोडलेल्या सगळ्या धातूवर व्होल्टेज चढतं. घरात नळ, पाइप सगळं एकमेकांना जोडलेलं, त्यामुळे सगळं एकदमच वर जातं आणि हाताला फारसा फरक लागत नाही. गाडी मात्र रबरावर उभी. तुमचा एक पाय ओल्या गवतावर आणि हात दाराच्या हँडलवर, म्हणजे सर्किट पूर्ण करायला तुम्हीच! आणि आरसीडी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, इथे कामाचा नाही, कारण तो फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल तोडतो, अर्थची वायर जोडलेलीच राहते. म्हणूनच २००२च्या तिथल्या नियमांनुसार असा अर्थ कॅरॅव्हॅनच्या (अशा फिरत्या घरांच्या) धातूला जोडायला वीज कंपनीला बंदी आहे, कॅम्पसाइटवर स्वतःचा रॉड जमिनीत पुरतात. मित्राच्या दारात गाडी लावून त्याच्या प्लगवरून वायर ओढण्याआधी हे आठवा.

रॉडचंही एक दुखणं आहे. समजा त्याचा रेझिस्टन्स १०० ओहम, तर बॉडीला फेज लागला तरी करंट वाहणार जेमतेम २.३ अँपिअर, १६ अँपिअरच्या एमसीबीला पत्ताही लागणार नाही. इथे मात्र आरसीडीच वाचवतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की क्षणात तोडतो.

फ्रान्सला वगैरे जाणार असाल तर खांबावर फेज-न्यूट्रल उलटे असू शकतात, बटण बंद असूनही उपकरणात फेज राहतो. प्लगमध्ये लावायचा छोटा टेस्टर मिळतो, तो घ्या. आणि बॅटरीवर इन्व्हर्टर लावून मिक्सर चालवायचा बेत असेल तर हिशोब करा, १००० वॉटला १२ व्होल्टवर ८३ अँपिअरच्या वर लागतात, वायर बोटाएवढी जाड हवी आणि फ्यूज बॅटरीला अगदी खेटून.

आमचं म्हणाल तर आता ठरलंय: केबल आधी गाडीला, मग खांबाला, काढताना आधी खांबावरून, आणि लावल्यावर आरसीडीचं टेस्ट बटण दाबून टक्क ऐकायचं. किटली ७५० वॉटची घेतलीय. चार कप चहाला फार वेळ लागतो हो, तोवर बाहेर मेंढ्या मोजायच्या.