पोलादी 'कोकण', लाकडी 'कॅलिप्सो'

दुसऱ्या महायुद्धात तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत 'कोकण' नावाचं एक जहाज होतं. ब्रिटनमध्ये बांधलेलं, पोलादी, 'बँगर' वर्गातलं, म्हणजे त्या नावाच्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांपैकी. 1942 साली अमेरिकेत सिअ‍ॅटलला एक लाकडी जहाज पाण्यात उतरलं. ते ब्रिटिश नौदलाकडे गेलं आणि युद्धानंतर समुद्रसंशोधक झाक-इव्ह कुस्तो यांचं 'कॅलिप्सो' म्हणून जगभर गाजलं. नोंदीत दोन्ही माइनस्वीपर, म्हणजे पाणसुरुंग काढणारी जहाजं. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, एक मोठं आणि दुसरं धाकटं, एवढाच फरक असेल. किंवा पोलाद कमी पडलं म्हणून लाकूड लावलं असेल. खरं कारण सुरुंगाच्या पोटात आहे.

जुन्या धाटणीचा सुरुंग म्हणजे तारेला बांधलेला पोलादी गोळा. तळाशी वजन, त्याला तार आणि तारेच्या वरच्या टोकाला पाण्याखाली तरंगणारा गोळा. गोळ्याला शिसाची शिंगं. जहाज घासलं की शिंग वाकतं, आतली काचेची नळी फुटते, तिच्यातल्या द्रावणाने तिथल्या तिथे बॅटरी तयार होते आणि स्फोट होतो. अंगाला अंग लागल्याशिवाय हा सुरुंग कुणाला काही करत नाही.

त्याच्यावरचा उपाय सरळ होता: तार कापा. बँगर जहाज मागे एक लांब पोलादी तार तिरकी ओढत जायचं. ती बाहेरच्या बाजूला ताणून धरायला पाण्याखाली फळ्यांची एक चौकट असायची आणि वर खुणेचा तरंगता फ्लोट. सुरुंगाची तार तिच्यात अडकून कापली गेली की गोळा उसळून वर यायचा. मग डेकवरून गोळ्या झाडून तो बुडवायचा नाहीतर फोडायचा. रत्नागिरी-मालवणकडच्या वाचकांना ही चौकट ओळखीची वाटेल, कारण ट्रॉलरच्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळ्या याच तत्त्वावर चालतात. हा निव्वळ योगायोग नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने मासेमारीचे ट्रॉलर खलाशांसकट या कामाला जुंपले होते, आणि या पद्धतीला 'ओरोपेसा' हे नावही एका ट्रॉलरवरूनच मिळालं.

अशी तार ओढायला इंजिनात जोर हवा. बँगर वर्गाची जहाजं 162 ते 180 फूट लांबीची आणि 2,000 किंवा त्याहून जास्त अश्वशक्तीची. ती पायऱ्यांसारखी एकामागे एक, जरा बाजूला सरकून चालायची. मागचं जहाज पुढच्याने साफ केलेल्या पट्ट्यात राहायचं. सगळ्यात पुढच्या जहाजाला मात्र अशी सोय नाही. तिथे नेमणूक झालेल्यांना रात्री झोप कशी लागत असेल, देव जाणे.

मग 1939 च्या शरद ऋतूत जर्मनांनी नवाच सुरुंग आणला. तो तळाशी पडून राहायचा, त्याला तारच नव्हती. वरून पोलादी जहाज गेलं की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा किंचित बदल त्याला कळायचा आणि तो फुटायचा. कापायला काही नाही, आणि कापायला गेलेलं पोलादी जहाजच त्याचं सावज! नोव्हेंबर 1939 मध्ये असा एक सुरुंग विमानातून टाकताना चुकून इंग्लंडमधल्या टेम्स नदीच्या मुखाजवळ शूबरीनेसच्या चिखलात पडला. ओहोटी लागल्यावर लेफ्टनंट कमांडर जॉन ऑव्हरी आणि त्यांच्या साथीदारांनी तो हातांनी उघडून निकामी केला. या हत्याराचं गुपित तेव्हा कळलं.

आता उपाय उलटा झाला. सुरुंगाला फसवायचं, म्हणजे मोठं पोलादी जहाज आलंय असं त्याला वाटायला लावायचं, आणि तेही आपण पुढे निघून गेल्यावर. दोन जहाजं शेजारी शेजारी चालायची, प्रत्येकाच्या मागे तरंगत्या विजेच्या केबली. त्यांतून ठरावीक वेळाने प्रवाह समुद्रात सोडला की खारं पाणी तो वाहून न्यायचं, मागच्या पट्ट्यात चुंबकीय क्षेत्र उठायचं आणि सुरुंग रिकाम्या पाण्यात फुटायचा. फसवणाऱ्याने स्वतः मात्र सुरुंगाला जाणवता कामा नये. म्हणून लाकूड.

'कॅलिप्सो'च्या वर्गाची अमेरिकन जहाजं 136 फूट लांब, 500 अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं असलेली. ती बांधायला मोठे गोदी-कारखाने लागत नव्हते. यॉट आणि मासेमारी बोटी बांधणाऱ्या यार्डांकडे ही कामं गेली. ब्रिटनमध्येही 105 फुटी लाकडी माइनस्वीपर निघाले, ज्यांना खलाशी लाडाने 'मिकी माउस' म्हणत. इंजिन मात्र लोखंडाचंच राहणार, त्यामुळे लाकडी जहाजांवरही चुंबकत्व मारणारी विजेची वेटोळी बसवावी लागली.

ही विभागणी कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी समुद्रावर राहिली नाही. बँगर जहाजांवरही पुढे केबली चढल्या, आणि लाकडी जहाजंही तार ओढू लागली. कॅनडाची बँगर जहाजं तर बहुतेक काळ ताफ्यांच्या राखणीतच गुंतली होती. 1944 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीच्या स्वारीसाठी त्यांच्यावर सुरुंग काढायची सामग्री नव्याने बसवावी लागली आणि खलाशांना मूळ काम पुन्हा शिकवावं लागलं. त्याच नॉर्मंडीत जर्मनांनी जहाज वरून जाताना पाण्याच्या दाबात होणाऱ्या बदलावर फुटणारा सुरुंग वापरला. त्याच्यापुढे तारही चालेना आणि केबलही. जहाजं अगदी हळू हाकणं, एवढाच तोडगा उरला.

युद्धानंतर किनाऱ्याजवळच्या कामात लाकूड टिकून राहिलं. ब्रिटनच्या 'टन' वर्गाला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर महोगनीच्या फळ्या. 1956 मध्ये भारतीय नौदलाने त्यातली चार जहाजं घेतली. त्यांच्यातल्या एकाचं नाव 'कारवार'.